वीस तेत्री

तिबिलिसीच्या उत्तरेला, ग्लदानीत,
नऊ मजली सोळा इमारती माझ्याकडे आहेत.
म्हणजे त्यांच्या लिफ्ट.
वर जायचं तर पेटीत वीस तेत्रीचं नाणं टाकायचं.
खाली येणं फुकट;
एवढी माणुसकी यंत्रालाही आहे.

महिन्याच्या शेवटी मी पेट्या उघडतो.
चोविसाव्या इमारतीचा हिशेब मला खटकला:
काटा म्हणतो, वर गेलेल्या फेऱ्या बाराशे चाळीस.
नाणीही बाराशे चाळीस.
असं कुठे होतं?
बाकी पंधरा ठिकाणी वॉशर निघतात,
गुळगुळीत झालेले तुर्की कुरुश,
एकदा तर दोऱ्याला बांधलेलं नाणं,
परत ओढताना दोराच तुटलेला.
मी नावं ठेवत नाही.
पेन्शनच्या आठवड्यात वॉशर कमी असतात,
हे मी वहीत लिहीत नाही,
पण मला ठाऊक आहे.

मग दिसली ती बरणी.
त्केमालीची, धुतलेली, तरी आलुबुखाराचा वास न गेलेली,
लिफ्टच्या दाराशी पाइपला तारेनं बांधलेली.
चिठ्ठी: नसेल तर घ्या.
खाली दुसऱ्या शाईत: असेल तर टाका.
अक्षर लामाराबाईंचं.
चाळीस वर्षं ट्रॉलीबसची तिकिटं फाडलेला हात,
सातचा आकडा अजून मधोमध छेदतो.

लामाराबाई तळमजल्यावर राहतात.
आयुष्यात लिफ्टमध्ये चढल्या असतील दोनदा.

गेल्या फेब्रुवारीत दोर बदलायचा निघाला.
पोलादाचे धागे उसवत होते, एक एक,
जुन्या स्वेटरसारखे.
घरटी वर्गणी ठरली, तळमजला वगळून;
तो नियमच आहे, मीच वाचून दाखवला.
संध्याकाळी बाई पाकीट घेऊन आल्या.
मी म्हटलं, तुमचं नाव यादीत नाही.
त्या म्हणाल्या, मग यादी चुकली.

आणि उभ्याउभ्याच सांगितलं:
ब्याण्णवचा हिवाळा. वीज नाही, गॅस नाही.
लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकलेली, वर्षभर, रिकामी.
माझा धाकटा तापानं फणफणलेला.
नवव्या मजल्यावरचा शाल्वा
अंधारात, भिंत चाचपत, खाली आला.
पाठीवर फळ्या. आपलं कपाट फोडलेलं त्यानं.
मी म्हटलं, अरे, तुम्ही काय जाळाल?
तर म्हणाला, ऊब आपली आपण वर येते, लामारा.
लाकडं मात्र कुणीतरी खाली आणावी लागतात.

बाई जरा थांबल्या.
ऊब दुसऱ्या मजल्याच्या वर गेली नाही हो.
त्यालाही ते माहीत होतं.

शाल्वा आता ब्याऐंशीचा.
आठवड्यातून तीनदा रक्त धुवायला दवाखान्यात जातो.
येताना दोन पायऱ्यांवरच दम लागतो,
बरणीपाशी थांबत नाही, मान आहे त्याला;
नाणं आपल्याच खिशातलं काढतो,
सापडेपर्यंत लिफ्ट दार उघडं धरून उभी राहते.
हे दार कंपनीच्या मापानं आठ सेकंदांत मिटायला हवं.
चोविसाव्या इमारतीत ते वीस सेकंद घेतं.
का, ते मला विचारू नका.
स्प्रिंग जुनी असेल.

परवा बरणी रिकामी करून पुसली
तर तळाशी एक बटण.
तपकिरी, चार भोकांचं, लहान मुलाच्या कोटाचं.
मागचा दोरा तसाच;
तुटलेलं नव्हतं, तोडलेलं होतं.
पेटीला ते चालणार नाही.
मी ते पुन्हा बरणीत ठेवलं आणि बाईंना सांगितलं.

आज सकाळी आलो तर
लामाराबाई दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या,
सुईत तपकिरी दोरा ओवलेला,
आणि शाळेला निघालेल्या प्रत्येक पोराला
चष्म्यावरून निरखून बघत होत्या,
कुणाचा कोट उघडा आहे.